औषध, जंतू आणि देह

पायराझिनामाइड हे क्षयाच्या उपचारातलं एक प्रमुख औषध. क्षयावरचा त्याचा गुण १९५२ साली उजेडात आला, आणि पुढे नऊ महिन्यांचा उपचार सहा महिन्यांवर आला त्यात त्याचा मोठा वाटा आहे. पण प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या पोषक द्रवात क्षयाचे जंतू वाढवले आणि त्यात हे औषध घातलं, तर जंतूंवर जवळजवळ काहीच परिणाम होत नाही. ते वाढत राहतात. जेन्टामायसिनचं याच्या नेमकं उलट. टायफॉइडच्या जंतूंनी माखलेल्या बशीत जेन्टामायसिनची चकती ठेवली की दुसऱ्या दिवशी चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ दिसतं. तरीही टायफॉइडच्या रोग्याला ते टोचून गुण येत नाही. म्हणूनच टायफॉइडचा जंतू ज्या कुळातला, त्या साल्मोनेलाच्या अहवालात जेन्टामायसिनपुढे ‘लागू पडेल’ असा शेरा प्रयोगशाळांनी देऊ नये, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे.

एक औषध काचेत निकामी आणि देहात गुणकारी, दुसरं काचेत गुणकारी आणि देहात निकामी. काच आणि देह यांच्यात असं काय वेगळं आहे की औषधाची सगळी किंमतच उलटी व्हावी, हा या पुस्तकाचा विषय आहे.

थोडक्यात सांगायचं तर, क्षयाचा आणि टायफॉइडचा जंतू रक्तात किंवा ऊतींमध्ये मोकळा हिंडून आपला संसार करत नाही. ज्या पेशींचं काम जंतूंना गिळून पचवण्याचं, त्या भक्षक पेशींच्या, म्हणजे मॅक्रोफेजच्या, पोटातच तो राहतो. कुष्ठाचा जंतूही तिथेच राहतो. या तीन रोगांभोवती हे पुस्तक फिरतं. तिन्ही महाराष्ट्राला परके नाहीत. तिन्हींवर चांगली औषधं आहेत. आणि तिन्हींमध्ये औषध दिल्यावर पुढे काय होणार, हे औषध आणि जंतू या दोघांकडेच पाहून सांगता येत नाही.

मी औषधनिर्माणशास्त्राची पदवी घेतली तेव्हा हा तिसरा घटक, म्हणजे देह, माझ्या अभ्यासात फारसा नव्हता. बी.फार्म.ला देह शिकवतात, पण तो औषधाच्या प्रवासाचा मार्ग म्हणून. गोळी आतड्यातून कशी शोषली जाते, यकृतात तिचं काय होतं, मूत्रपिंडातून ती किती तासांनी बाहेर पडते, हे सगळं आम्हाला पाठ होतं. प्रतिजैविकांचा धडा सुरू झाला की मात्र देह बाजूला व्हायचा आणि लढत दोघांतच राहायची. पेनिसिलिन जंतूची भिंत बांधू देत नाही, डॉक्सिसायक्लिन त्याची प्रथिनं बनवणारी यंत्रणा अडवतं, सिप्रोफ्लॉक्सासिन त्याच्या डीएनएची गुंडाळी सोडवणाऱ्या विकरावर बसतं. यातलं एकही विधान खोटं नाही. पण डॉक्सिसायक्लिन जंतूंची फक्त वाढ थांबवतं, मग वाढ थांबलेले ते जंतू संपवतं कोण, हा प्रश्न त्या धड्यात कुणी विचारत नव्हतं. उत्तर सरळ आहे. रोग्याच्या स्वतःच्या पांढऱ्या पेशी ते काम करतात. हृदयाच्या झडपेवर जंतूंची पुटं चढतात तेव्हा त्या पेशी पुटांच्या आत पोचू शकत नाहीत, आणि म्हणूनच तिथे वाढ थांबवणारी औषधं पुरत नाहीत, जंतू मारणारीच लागतात. हा भेद आम्ही परीक्षेत दोन गुणांसाठी लिहीत होतो. त्यामागे देहाची केवढी मोठी कामगिरी आहे हे पुढे कळलं.

पदवीनंतर मी काही काळ औषधांच्या दुकानात काम केलं, नंतर रुग्णालयाच्या औषध विभागात. दुकानाच्या काउंटरवर प्रश्न फार लवकर तुमच्यापर्यंत येतात. “मॅडम, या गोळ्या लागू पडत नाहीत, जरा भारीतली द्या,” हे वाक्य महाराष्ट्रातल्या कुठल्याही केमिस्टला नवं नाही. बहुतेक वेळा ते तिसऱ्या दिवशी येतं. टायफॉइडमध्ये योग्य प्रतिजैविक सुरू झाल्यावरही ताप उतरायला साधारण चार ते सात दिवस लागतात. तिसऱ्या दिवशी अंग तापलेलं असणं हा औषध हरल्याचा पुरावा नव्हे. ताप जंतू निर्माण करत नाही, देह करतो. जंतूंची संख्या घटू लागली तरी देहाने पेटवलेली ती आग शमायला वेळ लागतो. पण घरच्या माणसांचा जीव टांगणीला लागलेला असतो, आणि औषध बदललं जातं. मग आणखी एकदा बदललं जातं. हे थांबवायचं तर तापाची ही हकीकत दुकानात बसलेल्या माणसाला नीट ठाऊक हवी आणि समोरच्या माणसाला दोन मिनिटांत समजेल अशी सांगता यायला हवी. डॉक्टरेटसाठी मी साल्मोनेला आणि भक्षक पेशी हा विषय घेतला, त्याचं बीज या काउंटरवर आहे.

आता पुन्हा पायराझिनामाइडकडे. या औषधाचा शोधच मुळात काचेला बगल देऊन लागला. १९४५मध्ये निकोटिनामाइड या जीवनसत्त्वाचा क्षयाच्या जंतूवर थोडा परिणाम होतो असं पॅरिसमध्ये दिसलं होतं. त्याच्यासारखी रचना असलेली संयुगं तपासताना पायराझिनामाइड पुढे आलं, आणि ते उंदरांमध्ये प्रभावी ठरलं. ते आधी फक्त बशीत तपासलं असतं तर टाकूनच दिलं गेलं असतं. त्यानंतर दोनच वर्षांत कळलं की माध्यम आम्लधर्मी केलं, सामू साडेपाचाच्या आसपास आणला, की तेच औषध जंतूला मारू लागतं. जंतूचं स्वतःचं एक विकर या औषधाचं पायराझिनोइक आम्लात रूपांतर करतं, आणि आम्लधर्मी परिसरात ते आम्ल जंतूच्या आत साचत जातं. विकराची जनुकीय पाककृती बिघडली की जंतू या औषधाला दाद देत नाही. गुरांमधल्या क्षयाच्या जंतूत ती मुळातच बिघडलेली आहे, म्हणून तो जन्मजात दाद देत नाही.

मग देहात हे आम्ल येतं कुठून? भक्षक पेशीने जंतू गिळला की तो एका कप्प्यात बंद होतो आणि पेशी त्या कप्प्यात आम्ल सोडू लागते. क्षयाचा जंतू हे आम्लीकरण अडवतो. शांत बसलेल्या भक्षक पेशीत तो सामू सहाच्या वर धरून ठेवतो. पण टी पेशींकडून इंटरफेरॉन-गॅमा या रेणूचा निरोप आला की भक्षक पेशी चेतते, आणि कप्प्याचा सामू पाचाच्या दिशेने घसरतो. पायराझिनामाइडला हवी तशी परिस्थिती देहाची प्रतिकारयंत्रणा अशी तयार करते. गोळी आपण देतो. ती चालण्याजोगी जागा रोग्याच्या पेशी बनवतात. आम्लात क्षयाचा जंतू स्वतःही धड वाढत नाही, त्यामुळे या औषधाची संवेदनशीलता तपासणं आजही प्रयोगशाळांना अवघड जातं. दुकानातल्या लाल-पिवळ्या फॉइलमधल्या चार औषधांपैकी एकामागे एवढं सगळं आहे, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा ज्या गोळीची मात्रा मी रुग्णाच्या वजनाप्रमाणे मोजून देत होते तिच्याकडे मी अगदी नव्या नजरेने पाहू लागले.

जेन्टामायसिनची गोष्ट मला हाताने शिकायला मिळाली. औषधाच्या दुकानात जेन्टामायसिन इंजेक्शन म्हणून मिळतं, डोळ्यांचे थेंब म्हणून मिळतं, मलम म्हणून मिळतं. पोटात घ्यायची गोळी म्हणून मिळत नाही. कारण हा रेणू विद्युतभारित आहे, पाण्यात रमणारा आहे, आतड्याच्या पडद्यातून तो पार होत नाही. याच कारणाने तो भक्षक पेशीच्या पडद्यातूनही सहज आत जात नाही. औषध म्हणून हा त्याचा उणेपणा. संशोधकांनी मात्र त्याचंच साधन केलं. साल्मोनेला भक्षक पेशींवर सोडायचा, अर्धा तास थांबायचं, मग जेन्टामायसिन घालायचं. बाहेर उरलेले सगळे जंतू मरतात. पेशींच्या आत शिरलेले तेवढे जगतात, कारण औषध त्यांच्यापर्यंत पोचत नाही. ठरलेल्या वेळी पेशी सौम्य साबणद्रवाने फोडायच्या, आतला ऐवज अगरच्या बशीवर पसरायचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वसाहती मोजायच्या. दोन तासांनी किती होते आणि वीस तासांनी किती झाले, या दोन आकड्यांच्या फरकात पेशी आणि जंतू यांच्यातला सगळा सामना असतो. जीवाणूशास्त्रातली ही फार जुनी आणि फार साधी पद्धत आहे. औषधविक्रेत्याच्या पिंडाच्या माणसाला तिचं मोल दुप्पट वाटतं, कारण टायफॉइडवर जेन्टामायसिन का चालत नाही हे ती रोज डोळ्यांसमोर दाखवते. अ‍ॅझिथ्रोमायसिन पेशींच्या आत रक्तातल्यापेक्षा कित्येक पट अधिक साचतं, आणि टायफॉइडमध्ये त्याला मान आहे, हेही मग आपोआप उलगडतं.

या प्रयोगांत ज्या मानवी पेशी बहुतेक प्रयोगशाळा वापरतात त्यांचं नाव टीएचपी-१. जपानमध्ये रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या एक वर्षाच्या मुलाच्या रक्तातून त्या घेतलेल्या. १९८० साली त्यांचं वर्णन प्रसिद्ध झालं. जगभरातल्या शीतपेट्यांमध्ये त्या पेशी आजही ३७ अंशांची आणि पाच टक्के कार्बन डायऑक्साइडची वाट पाहत असतात. बाटली हातात घेताना त्या मुलाची आठवण काढणं हे शास्त्राला धरून आहे की नाही, मला ठाऊक नाही. मी ती काढते.

साल्मोनेलाचं कप्प्यातलं वागणं क्षयाच्या जंतूपेक्षा वेगळं आहे. तो आम्ल फारसं अडवत बसत नाही. आम्लाचा त्याला खबर म्हणून उपयोग होतो. आपण पेशीच्या आत आलो आहोत हे त्याला त्या आम्लावरून कळतं, आणि मग तो आपल्या जनुकांचा एक पूर्ण संच चालू करतो. त्यातून सूक्ष्म पिचकारीसारखी एक रचना तयार होते आणि तिच्यातून जंतू स्वतःची प्रथिनं पेशीच्या रसात सोडतो. ती प्रथिनं कप्प्याची वाट वळवतात, त्याला पचनाच्या मार्गापासून दूर ठेवतात, जंतूला राहण्यालायक करतात. १९८६मध्ये अमेरिकेत पॅट्रिशिया फील्ड्स आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की भक्षक पेशीत तग धरू न शकणारे साल्मोनेला उंदरांना आजारी पाडू शकत नाहीत. पेशीत टिकणं आणि रोग घडवणं ही एकच गोष्ट आहे, हे त्या दिवसापासून पक्कं झालं.

मला याहूनही विलक्षण वाटतो तो उंदरांच्या बाजूचा पुरावा. साल्मोनेलाची तीच जात, तीच मात्रा. उंदरांच्या काही जाती आठवड्याभरात मरतात, काही वाचतात. हा फरक ठरवणारी गुणसूत्रावरची जागा एका गटाने साल्मोनेलाच्या अभ्यासात शोधली, दुसऱ्याने काळा आजार घडवणाऱ्या लेशमॅनियाच्या, तिसऱ्याने बीसीजीच्या. तिघांनी तिला तीन नावं दिली. १९९३मध्ये ते जनुक हाती आलं आणि तिन्ही जागा एकच निघाल्या. भक्षक पेशीच्या कप्प्यातून लोह आणि मँगनीज उपसून काढणाऱ्या पंपाचं ते जनुक, आणि मरणाऱ्या उंदरांमध्ये त्या पंपातलं एकच अमिनो आम्ल बदललेलं. जंतूला लागणारं लोह कप्प्यात शिल्लक राहिलं की उंदीर मेला. औषधाचा इथे संबंधही नाही. एकच औषध, एकच जंतू आणि तरी दोन रोग्यांचे दोन निकाल, हे पाहून गोंधळलेल्या कुठल्याही फार्मासिस्टने हा शोध जरूर समजून घ्यावा, म्हणून त्याला मी पुस्तकात एक आख्खं प्रकरण दिलं आहे.

या सगळ्याचा उगम एका माणसापाशी जातो. १८८२ साली सिसिलीतल्या मेसिना गावी इल्या मेच्निकोव्ह या रशियन प्राणीशास्त्रज्ञाने ताऱ्यामाशाच्या पारदर्शक अळ्यांमध्ये गुलाबाचे काटे खुपसले, आणि दुसऱ्या सकाळी त्या काट्यांभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला पाहिला. भक्षक पेशींची कल्पना तिथून निघाली. १९०८चं वैद्यकाचं नोबेल पारितोषिक त्यांना पाउल एर्लिख यांच्यासह मिळालं. एर्लिख यांनी पुढे सालव्हार्सान हे सिफिलिसवरचं औषध आणलं. जंतूला नेमकं टिपेल आणि देहाला धक्का लावणार नाही अशा रसायनाचं स्वप्न त्यांचं. आज औषधशास्त्र शिकणारा प्रत्येक विद्यार्थी एर्लिख यांचा वारस आहे. मेच्निकोव्ह यांचं नाव त्याच्या कानावर क्वचितच पडतं. एकाच वर्षी एकाच कामासाठी गौरवलेली ही दोन माणसं आमच्या शिक्षणात एकमेकांपासून इतकी लांब का गेली, याची मला खंत आहे.

मुंबईने तरी मेच्निकोव्ह यांना विसरू नये. १८९६च्या प्लेगात मुंबईत आलेले वाल्डेमार हाफकिन हे ओडेसात त्यांचेच विद्यार्थी होते, आणि गुरूमागोमाग पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेले होते. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्या प्रयोगशाळेत त्यांनी प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. परळच्या जुन्या राजभवनात त्यांच्या नावाची संस्था आजही उभी आहे. जंतूला मारणारं औषध कुणाजवळच नव्हतं त्या काळात, देहालाच तयार करायचं हा एकमेव मार्ग होता, आणि तो या शहराने पाहिला.

टायफॉइडच्या बाबतीतही महाराष्ट्राने अशीच एक वाट दाखवली. २०१८मध्ये नवी मुंबई महानगरपालिकेने नऊ महिने ते चौदा वर्षं वयाच्या मुलांना टायफॉइडची नवी संयुग्म लस सार्वजनिक मोहिमेतून द्यायला सुरुवात केली. भारतात असं पहिल्यांदाच घडत होतं. त्याआधी दोनच वर्षं पाकिस्तानातल्या सिंध प्रांतात टायफॉइडचा असा जंतू पसरू लागला होता, की ज्याच्यावर नेहमीची जवळजवळ सगळी औषधं, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनसुद्धा, निकामी होती. तोंडाने घेण्याजोगं अ‍ॅझिथ्रोमायसिन तेवढं हाताशी उरलं. औषधांची कपाटं रिती होत असताना लसीची किंमत काय, हे मी वेगळं सांगायला नको.

टायफॉइडच्या निदानाविषयी मात्र मला जरा कठोर बोलावं लागेल. विडाल चाचणी १८९६ची. ती जंतू शोधत नाही. रोग्याच्या रक्तात त्या जंतूविरुद्धची प्रतिपिंडं आहेत का, एवढंच पाहते. प्रतिपिंडं जुन्या संसर्गाने असू शकतात, लसीने असू शकतात, जवळच्या नात्यातल्या दुसऱ्या जंतूमुळेही असू शकतात. आजाराच्या पहिल्या दिवसांत खरा टायफॉइड असूनही ती नसू शकतात. तरीही तापाच्या दुसऱ्या दिवशी केलेल्या एका विडालवर महिनाभर पुरतील इतकी प्रतिजैविकं लिहिलेल्या चिठ्ठ्या दुकानात येत राहतात. देहाची जुनी आठवण आणि आजचा जंतू यांत फरक न करण्याची ही सवय आपल्याला फार महाग पडते आहे. प्रतिजैविकांआधी रक्ताचं कल्चर घेणं हा खरा मार्ग, आणि तो गावोगाव उपलब्ध व्हावा यासाठी आरोग्यखात्याकडे आग्रह धरणं हे फार्मासिस्टांच्या संघटनांचंही काम आहे असं मी मानते.

कुष्ठाचं प्रकरण लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. नॉर्वेत बर्गनला आर्मावर हान्सेन यांनी हा जंतू १८७३ सालीच पाहिला, क्षयाच्या जंतूच्या नऊ वर्षं आधी; आणि आजतागायत कुणालाही तो कृत्रिम माध्यमात वाढवता आलेला नाही. देहाबाहेर तो वाढतच नाही. १९६०मध्ये चार्ल्स शेपर्ड यांनी तो उंदराच्या पायाच्या तळव्यात वाढवला तेव्हा कुठे औषधं तपासण्याची सोय झाली. बाबा आमटे यांनी संशोधनासाठी स्वतःच्या अंगात कुष्ठाचे जंतू टोचून घेतले आणि रोग झाला नाही, ही हकीकत महाराष्ट्रात पुष्कळांना माहीत आहे. तिच्यातलं धैर्य आपण सांगतो. तिच्यातलं शास्त्रही सांगायला हवं: सुमारे ९५ टक्के माणसांचा देह हा जंतू स्वतःच निपटतो.

उरलेल्यांमध्येही एकच जंतू दोन टोकांचे आजार घडवतो. ज्यांच्या टी पेशी जोरकस उत्तर देतात त्यांच्या अंगावर एखाददुसरा बधिर चट्टा येतो आणि त्यात जंतू शोधूनही मिळत नाहीत. ज्यांच्या टी पेशी या जंतूपुरत्या गप्प राहतात त्यांच्या त्वचेत जंतूंची खिल्लारं भरतात. अशा रोग्यांच्या रक्तात प्रतिपिंडं मात्र भरपूर असतात, आणि त्यांचा काही उपयोग होत नाही. रिडली आणि जॉपलिंग यांनी १९६६मध्ये या दोन टोकांमधल्या सगळ्या पायऱ्या मांडल्या, त्या जंतूच्या नव्हेत, देहाच्या उत्तराच्या पायऱ्या आहेत. आणि मग येते ती प्रतिक्रिया. बहुविध औषधोपचार चालू असताना, किंवा तो पूर्ण होऊन जंतू मेल्यानंतरही, देह अचानक खवळतो. मज्जातंतू सुजतात, काही दिवसांत हाताची पकड जाते, पाऊल लोंबू लागतं. त्या वेळी जंतूनाशक वाढवून काही मिळत नाही. प्रेडनिसोलोन देऊन देहाला शांत करावं लागतं, आणि तेही वेळेवर. वाकड्या बोटांबद्दल आपण इतकी शतकं जंतूला दोष दिला. त्यातला मोठा वाटा देहाच्या स्वतःच्या रागाचा आहे.

म्हणूनच ‘इम्युनिटी वाढवा’ अशी पाटी पाहिली की मी अस्वस्थ होते. २०२०नंतर दुकानांच्या दर्शनी फळ्या अशा सरबतांनी, चूर्णांनी, गोळ्यांनी भरल्या आहेत. प्रतिकारयंत्रणा ही वरखाली करायची एक कळ नाही. कुष्ठाच्या प्रतिक्रियेत ती वाढल्यानेच हात जातो. संधिवातासाठी टीएनएफ हा रेणू अडवणारी इंजेक्शनं आली त्यानंतर, २००१मध्ये, दिसलं की काही रोग्यांमध्ये वर्षानुवर्षं निपचित पडलेला क्षय उसळून आला. सांधे सुजवणारा तोच रेणू फुप्फुसातल्या गाठीत क्षयाला कोंडून ठेवत होता. आणि १९८४मध्ये जकार्तात गंभीर टायफॉइडच्या, शुद्ध हरपलेल्या किंवा रक्तदाब कोसळलेल्या रोग्यांना क्लोरॅम्फेनिकॉलच्या जोडीला मोठ्या मात्रेत डेक्सामेथासोन दिलं, तेव्हा मृत्यूचं प्रमाण ५५ टक्क्यांहून १० टक्क्यांवर आलं. तेच डेक्सामेथासोन निदानाशिवाय, पुडीतल्या बेनामी गोळीतून दिलं की ताप झाकतं, साखर वाढवतं आणि जंतूला मोकळं रान देतं. औषध एकच. कुणाच्या देहात, आजाराच्या कुठल्या टप्प्यावर आणि सोबत कुठलं जंतूनाशक आहे, यावर ते तारक की मारक हे ठरतं.

इथवर वाचून कुणाला वाटेल की देह आणि औषध एका बाजूला आणि जंतू दुसऱ्या, असं शेवटी सोपं चित्र निघतं. तसं ते निघत नाही. २०१४मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात सोफी हेलेन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की भक्षक पेशीने गिळल्यावर काही साल्मोनेला वाढणंच थांबवतात. कप्प्यातलं आम्ल आणि उपासमार, म्हणजे पेशीचा हल्लाच, त्यांना या अवस्थेत ढकलतो. आणि वाढ थांबलेल्या जंतूला प्रतिजैविक मारू शकत नाही, कारण बहुतेक प्रतिजैविकं वाढत्या जंतूवरच घाव घालतात. क्षयात पायराझिनामाइडला वाट करून देणारं आम्ल साल्मोनेलाला औषधापासून वाचवतं. उपचार पूर्ण करूनही काही रोग्यांचा टायफॉइड दोन-तीन आठवड्यांनी उलटतो, त्यामागे हे झोपलेले जंतू असतील का, ते जागे केव्हा आणि कशाने होतात, हे प्रश्न अजून उघडे आहेत. माझं स्वतःचं काम याच प्रश्नांच्या एका कोपऱ्यात चालू आहे. शेवटच्या प्रकरणात ते मी जसं आहे तसं, निष्कर्षाविना मांडलं आहे.

पुस्तक लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर दोन वाचक होते. एक फार्मसीचा विद्यार्थी, ज्याला संशोधनाची वाट फक्त गोळ्यांच्या सूत्रीकरणाकडेच जाते असं सांगितलेलं असतं. दुसरा दुकानात बसलेला केमिस्ट. १ मार्च २०१४पासून क्षयाची आणि अनेक वरच्या फळीतली प्रतिजैविकं एच-१ परिशिष्टात आहेत. डॉक्टर, रोगी, औषध आणि मात्रा यांची वेगळी नोंद त्याला तीन वर्षं जपून ठेवावी लागते. २०१८पासून क्षयाची औषधं नेणाऱ्या रोग्याची माहिती आरोग्यखात्याला कळवणंही त्याच्यावर आहे. या कामाला अनेक जण कागदी कटकट समजतात. त्या वहीतली प्रत्येक ओळ म्हणजे एका देहात चाललेला सहा महिन्यांचा सामना आहे हे उमगलं तर दुसऱ्या महिन्यात न आलेला रोगी त्याच्या लक्षात राहील, आणि तो फोन उचलून चौकशी करेल.

रसायनाची सूत्रं टाळता येतील तितकी टाळली आहेत. ज्यांना प्रतिकारशास्त्राचा काहीच परिचय नाही त्यांनी पहिलं प्रकरण सोडू नये. भक्षक पेशी, टी पेशी आणि प्रतिपिंडं यांची ओळख तिथेच आहे. दुकानदार वाचकांनी वाटल्यास टायफॉइडचं चौथं प्रकरण आधी वाचावं, कारण तापाच्या तिसऱ्या दिवशी काउंटरवर काय सांगायचं ते तिथे आहे.